घोस्ट मारल्यानंतर

सिरोंच्यात डिस्क क्लोन करण्याला अजूनही 'घोस्ट मारणे' म्हणतात. विंडोज मारायची, फॉरमॅट मारायचा, तसं घोस्ट मारायचं. घोस्ट हा मुळात न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला तयार झालेला प्रोग्राम. १९९८ मध्ये तो सिमँटेकने घेतला आणि नॉर्टन घोस्ट या नावाने गावोगावच्या कॉम्प्युटर दुकानांत पोहोचला. आज तो माझ्याकडे नाही. मी क्लोनझिला वापरतो, कधी मॅक्रियम. पण दारात येणारा माणूस तोच शब्द वापरतो आणि पुढे एक वाक्य जोडतो: "सर, काहीच पुसायचं नाही."

ते वाक्य मी कामाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. खालची टिपणं त्या वहीतलीच, थोडी सावरून घेतलेली.

*

नागपुरात डिस्क गेली तर नवी विंडोज मारून संध्याकाळपर्यंत काम सुरू करता येतं. इथे तसं नाही. जिल्ह्याचं गाव गडचिरोली दोनशेच्या वर किलोमीटर. आलापल्लीपासून खाली सगळा जंगलाचा रस्ता. पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की वीज जाते, पाठोपाठ नेट जातं. एसएसडी हवी असेल तर प्राणहितेचा पूल ओलांडून मंचेरियाल गाठणं जास्त सोयीचं. आणि नव्याने सगळं टाकायचं म्हणजे काय काय? प्रिंटरचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मराठी टायपिंग, तेलुगू टायपिंग, हिशेबाचा प्रोग्राम, आणि यातल्या प्रत्येकाचा पासवर्ड. ज्या पोराने हे पहिल्यांदा बसवलं तो केव्हाच हैदराबादला कामाला गेलेला असतो.

म्हणून जे आहे ते जसंच्या तसं उचलून नव्या डिस्कवर ठेवायचं. अडचण निघते ती या 'जसंच्या तसं'मधूनच.

*

हात लावण्याआधी जुन्या डिस्कची नाडी बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडल्यावर पिवळ्या रंगात इशारा दिसला तर मी दोन आकडे वाचतो. किती सेक्टर खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले, हा एक. आणि किती सेक्टर वाचता येत नाहीत म्हणून अजून ताटकळत आहेत, हा दुसरा. भीती दुसऱ्याची. ताटकळलेला एकच सेक्टर असला तरी साधा क्लोन त्या जागी येऊन अडतो, आणि डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला जाऊन आणखी झिजते.

अशा वेळी चेकडिस्क चालवावासा वाटतो. चालवू नये. चेकडिस्क दुरुस्ती करतो म्हणजे डिस्कवर लिहितो, आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर काहीही लिहिणं म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य आपल्या हाताने कमी करणं. आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने निघेल तेवढं काढून घ्यायचं. तो पहिल्या फेरीत चांगला भाग भराभर उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि मग मागे येऊन त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कुठपर्यंत पोहोचलो याचा नकाशा तो वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतो. मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आमच्याकडे ही एक सोय बाकी सगळ्या सोयींच्या वर.

जे सेक्टर शेवटपर्यंत निघत नाहीत त्यांच्या जागी कोऱ्या डिस्कवर नुसती शून्यं राहतात. विंडोज सुरू होते, सगळं नीट दिसतं आणि आठवडाभराने एखादा प्रोग्राम मध्येच बंद पडायला लागतो, कारण त्याची एक फाइल आतून पोकळ आहे. तेव्हा चेकडिस्क आता, नव्या डिस्कवर. मग डिझम, मग एसएफसी. विंडोजच्या स्वतःच्या फाइली एसएफसी भरून काढतो. माणसाच्या फाइली भरून काढणारं कुणी नाही. त्यांची यादी मी कागदावर काढून मालकाच्या हातात देतो, की हे हे फोटो आणि हे हे दाखले एकदा उघडून बघा.

*

मे महिना. आत जंगलातल्या एका गावच्या ग्रामसभेचे सचिव कॉम्प्युटरचा डबा मोटारसायकलला बांधून घेऊन आले. वनहक्क कायदा आणि पेसा यांच्या आधाराने गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. पानं गोळा करण्याच्या फळीवर कुणी किती पुडे आणले, शंभर पुड्यांमागे दर काय, कुणाची किती मजुरी निघाली, कुणाला किती पोहोचली, हा सगळा हिशेब ग्रामसभेचा. हंगाम थोड्या दिवसांचा, वर्षाची रोकड त्यावर. आणि नेमकी त्याच दिवसांत डिस्क टकटक वाजायला लागलेली.

डिस्कचे दोन भाग होते. सीवर विंडोज, डीवर हिशेब. रात्रीतून क्लोन केला. सकाळी नवी एसएसडी लावली आणि जुनी डिस्कही आतच राहू दिली, काही राहिलंच असेल तर हाताशी असावी म्हणून. मशीन झटक्यात सुरू झालं. हिशेबाचा प्रोग्राम उघडला, अगदी शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं जागेवर. सचिवभाऊंनी डबा परत बांधला. पुढचे तीन दिवस त्यांनी त्यावर काम केलं.

चौथ्या दिवशी जुनी डिस्क फारच वाजते म्हणून ते परत आले. मी ती काढून बाजूला ठेवली. प्रोग्राम म्हणाला, डेटाची जागा सापडत नाही. बघतो तर नव्या डिस्कच्या दुसऱ्या भागाचं अक्षर ई झालेलं. ते बदलून डी केलं. प्रोग्राम उघडला. तीन दिवसांच्या नोंदी नव्हत्या.

"सर, तीन दिवसांची मजुरी आहे त्याच्यात," एवढंच ते बोलले.

हे माझ्या हातून घडलंय, म्हणून कसं घडलं ते पूर्ण लिहितो. ड्राइव्हचं अक्षर डिस्कवर लिहिलेलं नसतं. विंडोज ते रजिस्ट्रीत, 'माउंटेड डिव्हायसेस' या कप्प्यात ठेवते. जुन्या, म्हणजे एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी ही नोंद अवघी १२ बाइटची. पहिले ४ बाइट त्या डिस्कची सही, उरलेले ८ बाइट तो भाग डिस्कवर कुठून सुरू होतो त्याचा आकडा. मी क्लोन केला तेव्हा ही रजिस्ट्री जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरली. पण एकाच सहीच्या दोन डिस्क एका मशीनमध्ये नांदत नाहीत, म्हणून क्लोन करणाऱ्या प्रोग्रामने नव्या डिस्कला नवी सही दिली. आता नव्या डिस्कवरची रजिस्ट्री सांगत होती की डी म्हणजे अमुक सहीच्या डिस्कचा दुसरा भाग. ती सही जुन्या डिस्कची, आणि जुनी डिस्क तिथेच जोडलेली. विंडोजने दिलेल्या पत्त्यावर जाऊन डी उघडला. नव्या डिस्कच्या दुसऱ्या भागाला उरलेलं अक्षर मिळालं. तीन दिवस विंडोज चालली नव्या डिस्कवरून आणि हिशेब लिहिला गेला जुन्या, शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर.

म्हणजे नोंदी गेल्या नव्हत्या, टेबलावर पडल्या होत्या. जुनी डिस्क केबलने बाहेरून लावली, बाकी कशालाही हात न लावता हिशेबाचं फोल्डर तेवढं उचललं, नव्या डीवर ठेवलं, प्रोग्राम उघडून शेवटची पावती जुळवली. या कामाला तास गेला. त्या तासभर सचिवभाऊ बाहेर बाकड्यावर फळीवरची कागदी वही मांडीवर घेऊन बसले होते आणि पुड्यांचे आकडे बोटाने मोजत होते. कॉम्प्युटर आल्यावरही त्यांनी ती वही सोडली नव्हती.

तेव्हापासून माझ्याकडे क्लोन संपला की मशीन बंद होतं, जुनी डिस्क बाहेर येते आणि नवी डिस्क पहिल्यांदा एकटीने सुरू होते. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक अक्षर कोणत्या डिस्कवर बसलंय ते डोळ्यांनी बघायचं. मालकाला फोन त्यानंतर.

*

याची उलटी बाजूही असते. क्लोनच्या प्रोग्रामने सही बदलली नाही आणि दोन्ही डिस्क एकदम लावल्या, तर विंडोज त्यातली एक 'ऑफलाइन' करून ठेवते. आपण उत्साहाने तिला ऑनलाइन करतो. त्या क्षणी विंडोज तिची सही बदलते. ती जुनी डिस्क असेल आणि उद्या पुन्हा तिच्यावरून मशीन सुरू करायची वेळ आली, तर बूटच्या नोंदीत जुनी सही आणि डिस्कवर नवी, त्यामुळे समोर एररचा पडदा. सुटकेचा दोर म्हणून ठेवलेली डिस्क आपणच निकामी केलेली असते. जुनी डिस्क काढली की तिच्यावर तारीख-वार लिहून पिशवीत घालावी आणि निदान महिनाभर तिला कुठल्याच मशीनला लावू नये.

*

नदीपलीकडचा काठ २०१४ च्या १ जूनपर्यंत आंध्र प्रदेश होता, २ जूनला तेलंगण झाला. ११ ऑक्टोबर २०१६ ला तिथले जिल्हे नव्याने पाडले. आदिलाबादमधून मंचेरियाल निघाला, करीमनगरचा कालेश्वरमचा पट्टा भूपालपल्लीकडे गेला. प्राणहिता आणि गोदावरी जिथे मिळतात तिथेच मिळत राहिल्या. पण एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये पलीकडच्या एकाच गावचे, एकाच नावाचे तीन ग्राहक आहेत, राज्य आणि जिल्हा वेगवेगळा. प्रोग्रामला ती तीन माणसं वाटतात. हा अक्षर-बदलाचाच प्रकार. जागा तीच, तिचं नाव कुठल्या वहीत काय लिहिलंय यावर सगळं.

सिरोंचाही असाच हलवलेला. १८६० मध्ये निजामाकडून आलेल्या मुलखाचा अप्पर गोदावरी जिल्हा झाला, त्याचं मुख्य ठिकाण सिरोंचा. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात गेलं. १९०७ मध्ये नुगूर, अलबाका, चेर्ला हे खालचे तालुके मद्रास इलाख्याला जोडले गेले. चांद्याचं चंद्रपूर झालं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली निघाला. एका घरातल्या चार पिढ्यांच्या कागदांवर चार पत्ते असू शकतात आणि घर हललेलं नसतं.

*

याचं खरं वजन जात पडताळणीच्या वेळी कळतं. अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, एखादा महसुली उतारा, ज्यावर 'जिल्हा चांदा' लिहिलेलं असतं. असे कागद माझ्याकडे स्कॅन व्हायला येतात. कडा तुटलेल्या, घडीवर फाटलेल्या. मी ते काचेवर ठेवताना श्वास धरतो. कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या नातवाचं सगळं त्या एका ओळीवर अडलेलं असतं.

क्लोननंतर बिघडणारं सॉफ्टवेअर हेच करत असतं, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. डेटा आहे, फाइली आहेत, चालवणारा माणूस तोच आहे. तरी प्रोग्राम विचारतो, तू तोच कशावरून? आणि प्रत्येक प्रोग्रामचा मागायचा कागद वेगळा. कुणाला डिस्कचा कारखान्यात कोरलेला क्रमांक हवा असतो. तो क्लोनमध्ये उतरत नाही, उतरूच शकत नाही. कुणाला सी भागाचा सिरियल क्रमांक पुरतो. तो पूर्ण क्लोनमध्ये बरोबर येतो, पण नवा भाग पाडून नुसत्या फाइली कॉपी केल्या तर बदलतो. विंडोज स्वतः मुख्यतः मदरबोर्डकडे बघते, त्यामुळे त्याच मशीनमध्ये डिस्क बदलली तर तिचं ॲक्टिव्हेशन बहुधा टिकतं. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडच्या काही डीटीपी सॉफ्टवेअरना यूएसबीचा लॉक असतो. त्यांना डिस्क बदलल्याचं कळतही नाही, ओळखपत्र लॉकमध्ये आहे.

म्हणून 'सॉफ्टवेअर बिघडलं' अशी तक्रार आली की मी आधी ते पुन्हा टाकायला घेत नाही. हा काय विचारतोय, ते शोधतो. हिशेबाचा प्रोग्राम नुसता बघायच्या किंवा शिकायच्या मोडमध्ये उघडला तर डेटा सुखरूप आहे, फक्त परवाना पटलेला नाही. जुनी डिस्क चालू असतानाच परवाना तिथून परत करून, क्लोन झाल्यावर नव्या डिस्कवर पुन्हा घ्यावा. हे आधी सुचलं तर पाच मिनिटांचं काम. नंतर सुचलं तर कंपनीला फोन, मेल, आणि ज्याच्या नावावर परवाना घेतला त्या माणसाचा शोध.

*

एसएसडीवर क्लोन करून लावला आणि निळा पडदा आला, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. बऱ्याचदा कारण असं की जुन्या डिस्कला जो ड्रायव्हर लागत होता तो नव्या जागेला चालत नाही. बायोसमध्ये कुणीतरी एएचसीआय आणि रेडची अदलाबदल केलेली असते, नाहीतर साटाची डिस्क काढून एनव्हीएमई लावलेली असते. पूर्वी मी या पडद्यावर अर्धा दिवस घालवायचो. आता क्लोनच्या आधीच जुन्या विंडोजला बीसीडीएडिटने सांगून ठेवतो की पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघड. सेफ मोड सगळे मूळ ड्रायव्हर बरोबर घेऊन उठतो. एकदा तो नव्या डिस्कवर उठला की योग्य ड्रायव्हर धरतो, मग सेफ मोडची खूण काढून टाकायची.

दुसरं कारण बूटचंच. यूईएफआय मशीनमध्ये सीच्या अलीकडे एक छोटा ईएफआय भाग असतो. फक्त 'सी ड्राइव्ह' क्लोन करणारा माणूस तो विसरतो. विंडोज पूर्ण असते, पण तिला उठवणारा कुणी नसतो. बीसीडीबूट चालवून तो भाग नव्याने भरता येतो, त्यासाठी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करावं लागतं. तो पेनड्राइव्ह मी कायम खिशात ठेवतो.

*

५०० जीबीची जुनी डिस्क, २४० जीबीची नवी एसएसडी. क्लोनझिला सहसा म्हणतो, नवी लहान आहे, जमणार नाही. आधी जुन्यावर सी लहान करायचा. तोही हट्टाला पेटतो, 'यापेक्षा लहान होणार नाही', कारण मध्यावर न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात. हायबरनेशन बंद करायचं, पेजफाइल काढायची, रीस्टार्ट, परत प्रयत्न. बहुतेक वेळा जागा निघते.

*

आपले सरकार केंद्र चालवणाऱ्या एका बाईंचा फोन. "दादा, नवीन डिस्क टाकल्यापासून अंगठा घेत नाही. बाहेर पंधरा माणसं उभी आहेत."

अंगठ्याच्या मशीनचं दिवा-बिवा सगळं ठीक. ते मशीन स्वतः वेबसाइटशी बोलत नाही. कॉम्प्युटरमध्ये आरडी सर्व्हिस नावाचा एक प्रोग्राम मागे चालत असतो. तो याच कॉम्प्युटरच्या आत ११,१०० ते ११,१२० यांपैकी एखाद्या पोर्टवर वाट बघतो आणि ब्राउझर त्याला हाक मारतो. क्लोननंतर ती सर्व्हिस उठलीच नव्हती. एसएसडीवर विंडोज इतक्या लवकर सुरू होत होती की सर्व्हिस यूएसबी जागी होण्याआधी उठायची आणि मशीन न दिसल्याने निजायची. तिला उशिरा सुरू व्हायला सांगितलं. दहा मिनिटांत पहिला अंगठा लागला. धान नोंदणीचे दिवस होते. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी काही जण नदीपलीकडे मिरची तोडायला जाण्याआधी हे काम उरकायला आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती.

*

क्लोन केला आणि एकही सरकारी साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'कनेक्शन सुरक्षित नाही'. दिवसभर क्लोनला दोष देत बसलो. मशीन उघडून ठेवताना मुख्य वीज काढली होती आणि बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी आधीच संपलेली होती. घड्याळ मागे जाऊन पडलं. प्रमाणपत्रांच्या तारखा जुळेनात. डिस्क बदलताना ही छोटी बॅटरी मी आता न विचारता बदलतो.

*

एका शिकवणीच्या लॅबमध्ये दहा मशीनं एकाच क्लोनवरून तयार केली होती. सगळ्यांचं नाव एक, त्यामुळे नेटवर्कवर भांडणं. नावं बदलून दिली. पण आतला 'सिड' क्रमांकही दहाजणांचा एकच होता. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविचने लिहिलं होतं की सारख्या सिडची भीती निराधार आहे, आणि आपलं न्यूसिड हे अवजार त्याने बंद केलं. मी वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. २०२५ च्या ऑगस्टअखेरच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या हे तपासायला लागल्या, आणि एकच सिड असलेली मशीनं एकमेकांचं लॉगिन नाकारू लागली. तोच फोल्डर, तोच पासवर्ड, कालपर्यंत चालत होतं, आज नाही. एका मशीनची डिस्क बदलायची असेल तर हा प्रश्न येत नाही, जुनं मशीन उरतच नाही. एकाची दहा करायची असतील तर क्लोन उचलण्याआधी सिसप्रेप चालवायलाच हवा. ज्यांना मी आजवर उलटं सांगितलं त्यांना एकेक करून फोन करतोय.

*

विंडोज हेलोचा पिन मशीनवरच्या टीपीएम चिपमध्ये बांधलेला असतो. मशीनच बदललं आणि डिस्क क्लोन करून त्यात लावली, तर पिन चालणार नाही, मूळ पासवर्ड लागेल. तो कुणालाच आठवत नाही. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी किल्ली मागेल. क्लोनच्या आधी विचारायचे दोन प्रश्न: पासवर्ड आठवतो का, आणि डिस्क लॉक आहे का. उत्तर येईपर्यंत स्क्रू काढायचा नाही.

*

जुलै २०२२ चा पूर. गोदावरी आणि प्राणहिता दोन्ही एकदम चढल्या. खाली भद्राचलमला पाणी ७१ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर लोकांनी डबे उन्हात वाळवून आणले. काहींनी घरीच वीज देऊन बघितली होती. हार्ड डिस्कच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक भोक असतं. त्यातून गाळाचं पाणी आत गेलं, सुकलं, आणि चकती फिरली की तो गाळ खरवडत जातो. वीज दिलेल्या डिस्कमधून मला काहीच काढता आलं नाही. भिजलेली डिस्क वाळवू नये, सुरू तर मुळीच करू नये, ओलसरच पिशवीत बंद करून शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवावी. हे मी तेव्हा दुकानाच्या दारावर मराठीत आणि तेलुगूत लिहून लावायला हवं होतं. त्यानंतरच्या पावसाळ्यापासून लावतो.

*

आजचं काम. टेबलावर एक जुनी ३२० जीबीची डिस्क. डीडीरेस्क्यू काल दुपारपासून चालू आहे, रात्री दोनदा वीज गेली, दोन्हीदा नकाशातून पुढे सुरू झाला. ९९ टक्क्यांच्या वर निघालंय, काही किलोबाइट अडलेत. मालक पासष्टीचे, गोंडी आणि तेलुगू बोलणारे. मराठी कामापुरती. त्यांना विंडोजचं काही नको. नात नर्सिंगला लागणार आहे, तिच्या पडताळणीसाठी यांच्या वडिलांच्या दाखल्याचा स्कॅन हवा. मूळ कागद २०२२ च्या पुरात गेला.

फोल्डर उघडला. फाइलीचं नाव कुणीतरी 'नवीन ३' ठेवलेलं. डबल क्लिक केल्यावर वरचा अर्धा भाग आला, मग क्षणभर काहीच नाही, मग खालचा अर्धा. उजव्या कोपऱ्यात शाईने लिहिलेलं, मौजा, तालुका सिरोंचा, जिल्हा चांदा.

त्यांनी पडद्याजवळ येऊन वडिलांच्या नावावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग म्हणाले, "अन्ना, याचे चार प्रिंट काढ. आणि एक माझ्या मोबाइलमध्ये टाक."